अ‍ॅशबीसाहेबाचं गाव

अब्बा, आज इथल्या राई भागातल्या गॅरेजमध्ये हातोडी हातात घेतली आणि तुमची इतकी आठवण आली की काम टाकून बसलो. तीच हातोडी, अ‍ॅशबीसाहेबाच्या दांड्याची. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण दांडा अजून हलत नाही.

तिकडे अम्गऱ्या भागातल्या यार्डात तुम्ही फोरमन, मी नुकताच तुमच्या हाताखाली लागलेलो. नवा माणूस आला की चहाच्या आधी तुमचा प्रश्न ठरलेला: आडनाव काय, म्हणजे गाव कुठलं? आखातात आलेल्या रत्नागिरीकडच्या माणसांत ते खपायचं. आपली निम्मी आडनावं गावाला 'कर' लावूनच झालेली. पण तुम्ही थेट इंग्रज इंजिनियरला विचारलंत, "साहब, ये अ‍ॅशबी किधर आया?" सगळं यार्ड हसलं, मी शरमेनं मेलो. साहेब मात्र हसला नाही. मोडक्या हिंदीत म्हणाला, आहे, खरंच गाव आहे. अ‍ॅश हे झाड, आणि 'बी' म्हणजे फार पूर्वी समुद्रापलीकडून तिथे येऊन राहिलेल्या लोकांच्या बोलीत गाव. पूर्वज तिथून बाहेर पडले आणि गावाचं नाव त्यांना चिकटलं. "आप कब गया था?" "कभी नहीं." झालं! तुम्ही खवळलात. "नाव मिरवतोस नि गाव बघितलं नाहीस? लाज नाही वाटत?" हे मराठीत बोललात, नशीब माझं. पण साहेबाला कळलं असणार. पुढच्या सुट्टीहून आला तो तिथल्या अ‍ॅशच्या लाकडाचा हा दांडा घेऊन. "मेरे गाँव का," म्हणाला. तुमचे डोळे भरले होते, मी पाहिलं.

तुम्ही स्वतः मात्र गावी परतला नाहीत. इथल्याच वाळूत निजलात. दगडावर तुमचं नाव आहे, आजोबांचं आहे, गावाचं नाही. ते मला फार लागतं, अब्बा. दर वेळी लागतं.

काल खेडचा एक गृहस्थ गाडी घेऊन आला. माझं मराठी ऐकून खुलला. "अरे वा, आपलेच की! गाव कुठलं तुमचं?"

"सलवा," मी म्हणालो.

"ते राहायचं झालं हो, गाव विचारतोय!" तो हसला, मीही हसलो, मग सांगितलं. हे सगळं लिहिलंय खरं, पण धाडू कुठे? तुम्ही म्हणाल, जीभ घसरली असेल पोराची. नाही अब्बा. आडनाव रोज लावतो, पण त्या घटकेला मला दुसरं गाव आठवलंच नाही.