लाल फटफटीचे गाऱ्हाणे

मालवण, ता. ४ नोव्हेंबर १९६२

चि. गुरुदास यास धोंडोकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी, धोंडो बाबली मयेकर, वय वर्षे अडुसष्ट, मराठी चौथी इयत्ता पास, पूर्वी गलबतावर तांडेल, राहणार मेढा, मालवण, डोळ्यांनी पाहिले तेच लिहीत आहे. ऐकीव असेल तेथे ऐकीव असे म्हणेन.

तुझ्या विनंतीवरून वालावलची खाडी ओलांडून तुझ्या नर्मदाआत्याच्या घरी गेलो व तू विकत घेऊ पाहतोस ती मोटारसायकल पाहिली. इटलीची, तांबडी, शर्यतीची. बसण्यास माणसाला ओणवे व्हावे लागते. पोर्तुगीज गेल्यावर तुझे आतोबा, म्हणजे माझे मेहुणे हरिश्चंद्रराव, यांनी ती पणजीत एका साहेबाकडून घेतली, हे ऐकीव.

धावल्याचा आकडा दोनशेच्या आत आहे. इतकी कमी का, असे विचारता, वाडीत रस्ताच नाही तर धावतली खंय, असे म्हणून मेहुणे हसले. रस्ता नाही हे खरे. मग खाडी उतरवणाऱ्या महादू ताऱ्याच्या होडीतून ती घरी आणलीच कशाला, असे विचारले, तेव्हा चहा मिळाला.

चाकांच्या तारांना ताजा रंग आहे. जे नवेच आहे त्यास रंग कशाला? पुढील दिव्याच्या काचेवर आतून पांढरी रेघ आहे, ओहोटीनंतर खडकावर राहते तशी. मेहुणे म्हणाले, धूळ. बंद काचेत धूळ शिरली कोठून, हे विचारणार तोच नर्मदेने पान वाढले.

मजकडून होकार नाही, नकारही नाही. आमचा लोभ आहेच. तुझा पातळ होऊ देऊ नये.

तुझा काका,
धोंडो बाबली मयेकर

मुंबई, ता. ११ नोव्हेंबर १९६२

तीर्थरूप काकांचे चरणी बालक गुरुदासाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचले. काका, होडीला भोक नाही याची खात्री पटली तरी तुम्ही पाय ठेवण्याआधी ती एकदा उलटी करून पाहता, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण ही गाडी साऱ्या मुंबईत दोन-तीनच असतील, असे आमच्या कारखान्याचे उस्ताद म्हणतात. दोन वर्षे दुसऱ्याच्या खटाऱ्यावर बसून शर्यतीत शेवटचा आलो. जानेवारीत पुन्हा शर्यत आहे. आईला मी फक्त 'सायकल' घेतो म्हणून सांगितले आहे. कृपया तेवढेच राहू द्यावे.

आत्याचेही पत्र आले. गाडी उत्तम, असे तिचे म्हणणे. अक्षर आतोबांचे आहे, कारण तिला लिहिता येत नाही.

खरे सांगायचे तर त्या वेगात चाकाची एक तार तुटली, तर मला गोळा करून आणावे लागेल. म्हणून तुमच्या संशयाला मी हसतो आणि त्याचीच वाटही पाहतो. मात्र आतोबांना तोंडावर खोटे पाडू नका. आत्याला माहेरचा भाऊ म्हणून तुम्ही एकटेच उरला आहात. ते दार तिला बंद होईल, तर मला गाडीच नको.

रागवायचे तर रागवा, पण आपला म्हणूनच रागवा, ही प्रार्थना.

आपला,
गुरुदास

मालवण, ता. २५ नोव्हेंबर १९६२

चि. गुरुदास यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी कोणासही खोटे पाडले नाही, हे प्रथम नमूद करतो.

काल पुन्हा वाडीत गेलो. वस्तू घरातून परमुलखी जाते, तर रवळनाथापुढे गाऱ्हाणे घालावे व ते धन्यानेच घालावे, असे सुचविले. मेहुण्यांना आनंद झाला. गाडी देवळापुढे उभी केली. गाऱ्हाण्याची रीत तू जाणतोस: एकाने देवाला सांगावे, बाकीच्यांनी होकार भरावा.

मेहुण्यांनी खणखणीत सुरुवात केली. बा देवा रवळनाथा, ह्ये गाडयेक चोराचो हात लागूक नाय, म्हाराजा! सर्व म्हणाले, व्हय म्हाराजा! ही गाडी खंय आपटूक नाय, म्हाराजा! सर्व म्हणाले, व्हय म्हाराजा!

तेव्हा मी अदबीने म्हटले की, भावजी, खाडीचेही सांगावे; पोराला शर्यतीत धावायचे आहे. मेहुण्यांनी देवाकडे तोंड फिरवले. मग म्हणाले, हेका खाडयेचा पाणी लागूक नाय, म्हाराजा. आवाज पूर्वीपेक्षा मोठा होता.

होकार आला. परंतु महादू ताऱ्याचा नाही. त्याचे हात जोडलेले होते, मान खाली होती, ओठ हलले नाहीत. ती गाडी त्याच्याच होडीतून आली होती. मेहुण्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि नारळ फोडण्याची घाई केली.

मग घरी जेवण झाले. नर्मदेच्या हातचे तिसऱ्या शिंपल्यांचे सुके दोनदा मागून घेतले. उठताना मेहुण्यांना सांगितले की, पोराचे मन बदलल्याचे पत्र आले आहे, मुंबईची पोरे अशीच. मेहुणे म्हणाले, खरा, खरा. नर्मदा मला घरापुढच्या खळ्यापर्यंत पोचवायला आली, आणि दिवाळीच्या ओवाळणीला आला नाहीस, पुढच्या वर्षी तरी ये, असे म्हणाली. मी येतो म्हटले.

परतताना मध्य खाडीत महादूला विचारायला तोंड उघडले. तोच वल्हे न थांबवता म्हणाला, माका इचारू नकात, तांडेलानू. देवान इचारल्यान, तेका मी सांगलंय.

सबब, ती गाडी तू घेऊ नयेस. उस्तादांना विचारून दुसरी पाहा. मी तीही उलटी करून पाहीन.

गाऱ्हाण्यास समक्ष हजर साक्षीदार:

गणपत गुरव, पुजारी. व्हय म्हणाला.
बाबू, शेजारी. व्हय म्हणाला.
महादू तारी. म्हणाला नाही.
सौ. नर्मदा, माझी बहीण. हजर होती. तिची साक्ष मी घेतलेली नाही. तूही कधी घेऊ नयेस.

धोंडो बाबली मयेकर
दस्तुरखुद्द