पाठमोरा बाप

बेला, रविवार

प्रिय अश्विनीताई,

तुमी मनासारखं लग्न करून हैदराबादेला गेलात, तेव्हापासून मामाजींनी घरात आपल्याच लेकीचं नाव काढलं नव्हतं. मागच्या महिन्यात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. टीव्ही बंद, पेपर बंद. म्हणून मी तुमच्या कपाटातली पुस्तकं त्यांना वाचून दाखवू लागले. आधी शिकारकथा, मग एका नर्सबाईचं आत्मचरित्र, मग मराठीत आलेली एक जपानी कादंबरी.

"त्यायचे म्हातारेबी आपल्यासारखेच अबोल दिसतात," मामाजी म्हणाले.

शेवटी तुमची जपानी चित्रकथा, ती मांगा, राहिली. मी डावीकडून सुरू केली, तर काहीच जुळेना. तेच म्हणाले, "उजवीकडून उघड. माह्या बापाची उर्दू पुस्तकं तशीच असत." मग मी एकेक चित्र सांगत गेले. मुलगी रेल्वेत बसली आहे. बाप फलाटावर उभा आहे.

"चेहरा कसा हाय त्याचा?"

"चेहरा काढलाच नाही, मामाजी. पाठच दिसते."

त्यांनी हात पुढे करून पान चाचपलं. मग म्हणाले, "पोरीले काय माईत, तो रागात हाय का रडून राह्यला."

हे तुमाला कळावं म्हणून आज लिहायला बसले, तर त्यांनीच हाक मारली. "अश्विनीचा नंबर लावून दे. अन् तू जराशी बाहीर बस."

आता हे पत्र टाकत नाही. बाकीचं त्यांच्याच तोंडून ऐका. मी ओट्यावर आहे, आतून त्यांचा आवाज येतोय.

"जेवली का वं, बाई?"

तुमची वहिनी,
मंजुषा