आंबील कुठवर शिंपडली

१ डिसेंबर, सोमवार
दुकानात पिस्त्याच्या पोत्यावर बसलो होतो तेवढ्यात नानाचा फोन. "येळवशीच्या दुसऱ्या दिवशी जेसीबी सांगितलाय. वगळीच्या पल्याडचा तुकडा ताब्यात घ्यायचा. चार माणसं लागतील. तू ये."
म्हणलं, बघतो.
"बघतो काय? भाऊ हायस का पाव्हणा?"
कट केला.
येळवस, रानातल्या पूजेची अमावस्या, १९ ला. बेगम बाजारात अकरा महिने झाले. हे तिसरं काम. हात थांबला की डोकं सुरू होतं, म्हणून कुठं टिकत नाही. इथं टिकलो. पिस्ता निवडताना हात थांबत नाही.

३ डिसें.
दिवसभर आगासाबसोबत निवड. म्हातारा बोटानंच पिस्ता ओळखतो, बघत नाही. "हंसता सो इधर, मुंह बंद सो उधर." मला म्हणतो, "तू बी मुंह बंद पिस्ता है मियां. कित्ते महिने हुए, घर की एक बात नक्को."
तो इराणचा, खुर्रमशहरचा. लढाईत घर गेलं, भाऊ गेला. मग इथं मामाकडं आला तो इथलाच झाला. बायको मलकपेठची.
विचारलं, लढाई कशावरून?
"पानी पे."
पुढं बोलला नाही. बंद तोंडाचा पिस्ता तोही.

५ डिसें., शुक्रवार
आज बोलला. ताटात पिस्त्यांची एक रांग लावली. ही नदी. अलीकडं इराण, पलीकडं इराक. आधी हद्द अलीकडच्या काठालाच, पाणी सगळं त्यांचं. "हमारे घाट पे बैठ के पांव लटकाओ तो पांव दूसरे मुल्क में." मग करार झाला, सह्या झाल्या. पाणी जिथं सगळ्यात खोल तिथून हद्द. रांग मध्ये सरकवली. पाच वर्षांत इराणात राज्य उलथलं. इराकवाल्यांना वाटलं, हे आता ढिले झालेत. इराणवाले इराकच्या लोकांना म्हणायला लागले, तुम्ही पण उठा. इराकनं करार फाडला. आठ वर्षं लढाई.
ताट हलवलं. रांग गेली.
जेवताना घरच्या शेताचा ओढा आठवला. आमची वगळ. तीन पावसाळ्यांमागं पूर आला अन् वगळीनं जागा बदलली, आमच्या अंगावर आली. आमच्या शेताचा तीस पावलांचा तुकडा पल्याड, तात्याच्या बाजूला गेला. तात्या म्हणजे सख्खे चुलते. म्हणाले, वगळ हीच हद्द, वाडवडिलांपासून. नाना म्हणाला, वगळ हलली म्हणून शेत हलतं का.
पण तरी तेव्हा भांडण नव्हतं. नुसतं बोलणं होतं, पेरत आम्हीच होतो.

८ डिसें.
एक गिऱ्हाईक आलं. उंच, पांढरी मिशी. बायकोला मलकपेठच्या दवाखान्यात दाखवायला आणलंय म्हणे, इराकातून. वाळलेलं काळं लिंबू मागितलं. आगासाबनं विचारलं कुठले. म्हणाला, बसरा. आगासाब म्हणाला, खुर्रमशहर.
एकाच नदीवरची गावं. मग आगासाबनं स्टूल पुढं केलं, मला चहाला पिटाळलं. परत येतोय तर दोघांचा आवाज वर. अरबी. नदीचं नाव पण एक नाही त्यांचं, हा अरवंद म्हणतो, तो शत्त म्हणतो. शेठ ओरडला, "अरे लढाई बाहर करो, गाहकां देख रें!"
तो गेल्यावर आगासाबनं सांगितलं. त्याचं नाव अबू करीम. तो म्हणतो, लढाई सप्टेंबरच्या चार तारखेला सुरू झाली, तुमच्या तोफा आमच्या गावांवर पडल्या. आगासाब म्हणतो बावीसला, तुमची विमानं आमच्यावर आली. अठरा दिवसांचा फरक. त्याचाही एक भाऊ गेलाय.
मी म्हणलं, खरं कोण?
"गिनती कां से चालू करना, वोइच झगड़ा है मियां."

९ डिसें.
आमची गिनती.
नाना धरतो तिथून: गेल्या येळवशीच्या दुसऱ्या दिवशी तात्यानं त्या तुकड्यात नांगर घातला, आमची तूर मोडली. मग नाना काठी घेऊन गेला. बालाजीचा हात मोडला. तात्याचा बालाजी. मी अन् तो एका बाकावर बसायचो सातवीपर्यंत.
तात्या धरतात तिथून: येळवशीला यांनी वगळ ओलांडून आमच्या काठावर आंबील शिंपडली. आंबील फिरवली म्हणजे शेत आपलं म्हणून गावासमोर सांगितलं.
नाना पंचायतीत छाती ठोकून म्हणाला, तात्या खोटं बोलतो, आमचं कुणी ओलांडलंच नाही.
मी ओलांडलं होतं.
मुद्दाम नाही. आंबिलीचा फेरा माझ्याकडं, बाबा गेल्यापासून. केळी, आंबिलीचं मडकं, काखेत, शिंपडत चाललो. पायांना जुनाच रस्ता ठाऊक. वगळ कोरडी, उडी मारली, जुन्या धुऱ्याच्या बांधानं फिरून आलो. कळलं तेव्हा फेरा पुरा झाला होता. पंचायतीत मी मागं उभा होतो. बोललो नाही. चौथ्या दिवशी बिदरची गाडी धरली, तिथून इथं.

१२ डिसें., शुक्रवार
आगासाबला सांगून टाकलं. हसेल वाटलं. निवडणं थांबवलं त्यानं, पहिल्यांदा.
म्हणाला, चार तारखेला आमच्याही तोफा चालल्या होत्या. माझा चाचा तोफखान्यात होता, त्याच्याच तोंडून ऐकलं. इराकवाले पैले क्या करे, अल्ला जाने. पण चालल्या होत्या. अबू करीमला मी तीनदा 'झूठ' म्हणालो.
"मग सांगा की त्याला. वीस तारखेला परत चाललाय तो."
"तू तेरे चाचा को बोला?"
"नाही."
"तो पैले तू."
"तुम्ही मोठे. पैले तुम्ही."
शेठ म्हणाला, दोनों की पगार काटूं क्या? दोघं खाली बघून निवडायला लागलो.

१४ डिसें.
नानाला सांगितलं. त्यानं ट्रॅक्टर बंद केला. मग:
"कुणाला बोललास?"
"इथल्या एका म्हाताऱ्याला."
"गावात बोलू नको. संपलं."
"तात्या खोटं नव्हते बोलत, नाना."
"जमीन कुणाची?"
"आपलीच."
"मग?"
जमीन आपलीच आहे. माय एकटी निंदायची तिथं. नाना पण खोटा नाही. हेच तर...
जेसीबीचं विचारलं. म्हणाला, इसार दिलाय.

१७ डिसें.
सुट्टी मागितली. शेठ: "अमावस की छुट्टी? नवा सुन रऊं." दिली पण. आगासाबनं दोन पुड्या बांधून दिल्या, सगळा हसरा पिस्ता. "एक भाई को. एक चाचा को." अबू करीमचं काय, विचारलं. म्हणाला, "तू फोन कर. तू बोला करके सुनूंगा, फिर मैं बी बोलतूं." म्हातारा पक्का.

१८ डिसें.
बिदर, उदगीर, घर. मायनं तोंडावरून हात फिरवला, वाळलास म्हणाली. बाजरीचे उंडे वळायला बसलो तिच्याजवळ. भज्जीचा, मिसळ भाज्यांचा वास. नाना आला, टोपी काढली, परत घातली, बाहेर गेला.

१९ डिसें., येळवस
उजाडताच वगळ ओलांडून गेलो. तात्या खोप बांधत होते. पुडी खाली ठेवली, उभ्यानंच सांगितलं, आंबील मी टाकली होती, तुम्ही खरं बोललात.
तात्या कडबा लावतच राहिले. मग, "आता सांगतोस? वर्षभर गावानं मला खोटारडा म्हणलं."
बालाजी पाठमोरा. उजवा हात अजून सरळ होत नाही त्याचा, डाव्यानं पेंढी उचलत होता. मी हात लावायला गेलो, म्हणाला, "राहू दे."
निघालो तर मागून काकूची हाक. "येळवशीला रानातून कुणी उपाशी जात नसतं. दुपारी ये." तात्यांनी तिला अडवलं नाही.
आगासाबला फोन लावला. "बोला?" बोललो. "क्या बोले?" म्हणलं, जेवायला बोलावलंय. मग शेठला ओरडून सांगताना ऐकलं, मैं मलकपेठ के दवाखाने जा के आतूं.
आता आमच्या खोपीत बसून लिहितोय. पूजा झाली. जेसीबीचं नाना एक अक्षर बोलत नाही. मला बघून त्यानंच केळीत आंबील ओतली.
"जाऊन आलास तिकडं?"
"हो."
"घे मग. फेरा तुझाच हाय."
"कुठून फिरू?"
नाना वगळीकडं बघतो. पल्याड तात्या येऊन उभे राहिलेत, त्यांच्यामागं बालाजी. सगळे माझ्या पायांकडं बघतायत.
केळी जड आहे. उठतो.