मुका व्याही

॥ श्री ॥
पाचपावली, नागपूर
८ फेब्रुवारी १९५४

रा. रा. मार्तंडराव यांस ईश्वरदासचा सप्रेम नमस्कार वि. वि.

टॉन्सिल काढून आज एक्केचाळीस दिवस झाले. उजवा बोराएवढा, डावा किंचित मोठा. डॉक्टर दोन्ही सारखेच म्हणाला, मी चूक दाखवली. पूर्वी वर्षात अकरा वेळा गळा सुजे, चौऱ्याहत्तर दिवस मी मुका. आता दही खातो, संत्री खातो, पहाटेपासून बोलतो. आयुष्य किती सुधारले याचा तक्ता स्वतः आखला. शाळा चौथीपर्यंतच, पुढे हातमाग, पण डॉक्टरने तक्ता दोनदा वाचला. गिळणे दहापैकी दहा, झोप नऊ. ‘घरातले सुख’ या रकान्यात तुमच्या ताईने शून्य भरले. काहून म्हणून विचारले, तर म्हणाली, आजारी होते तवाच बरे होते. सौ. अनुसयेला मोजमाप कळत नाही.

रविवारी मुलाचे वडील, उमरेडचे चंपतराव, आपल्या गोपिकेचे लग्न पक्के करायला येत आहेत. या खेपेस मला बोलता येईल. लोभ वाढवावा.

आपला
ईश्वरदास

मौदा
११ फेब्रुवारी

ती. भाऊजींस मार्तंडचा सा. न. वि. वि.

पत्र वाचले अन् लगेच लिहायला बसलो. रागावू नका, पण गोपीची आधीची दोन स्थळे तुमच्या चांगल्या गळ्यानेच मोडली. एका मुलाच्या मामाले तर तुम्ही त्याच्या धोतराचे सूत मोजून दाखवले. चंपतराव दोनदा आले, दोन्ही वेळा तुमचा गळा सुजलेला. ते उमरेडभर सांगून राहिले की माणूस मोठा गंभीर, उगा शब्द खर्चत नाही. ऑपरेशनचे त्यांना ठाऊक नाही, तसेच राहू द्या. मफलर गुंडाळा अन् नुसती मान हलवा. पोरगी बावीसची झाली. मुलगा तिच्या मनात भरला आहे, असे ताई लिहिते. धाकट्याचे एवढे ऐका, पुढे वर्षभर मी तुमचे ऐकीन. माया असू द्या.

आपला
मार्तंड

पाचपावली
१५ फेब्रुवारी

रा. रा. मार्तंडराव यांस नमस्कार.

ऐकले. दोन तास दहा मिनिटे तोंड उघडले नाही. चंपतरावांनी सुताबद्दल तीन गोष्टी चूक सांगितल्या, तिन्ही गिळल्या. ऑपरेशनच्या दिवशीही एवढे दुखले नव्हते. लग्न ठरले, साखर वाटली. गोपिका आत जाऊन रडली. आनंदाने, असे तुमची ताई म्हणते.

निघताना मात्र माझा मफलर पाहून, गळा अजून सुजतोच असे वाटून चंपतरावांचे डोळे भरून आले. व्याह्याच्या नात्याने माझा हात धरून म्हणाले, “इवाई, पोरीच्या लग्नात बाप मुका नको. मी आहो ना.” इथे सदर भागात त्यांच्या ओळखीचा डॉक्टर आहे. येत्या सोमवारी, ता. २२ला, सकाळी आठ वाजता माझे टॉन्सिल काढायचे ठरवून गेले. स्वतः उशाशी बसणार आहेत. खरे सांगावे तर फसवले असे होईल, अन् लग्न मोडेल. तुमची ताई म्हणते, जा. मी मान हलवली.

तरी डॉक्टरपुढे तोंड उघडल्यावर आत त्याने काय काढावे, हे उलट टपाली कळवावे. लोभ आहेच, तो सोमवारनंतरही असू द्यावा.

आपला
ईश्वरदास