तमिळ अक्षरांचा कीबोर्ड

मंगळवार, अकोला

टायपिंगची परीक्षा तोंडावर, अन् मराठी अक्षरांचा मागवलेला कीबोर्ड आज आला तो तमिळ अक्षरांचा! एकही अक्षर ओळखू येईना. कंपनीले फोन लावला. बदलून मिळेल, पण परीक्षेनंतर. मग त्याचं लोणचं घालू काय?

आमचे हे म्हणाले, "काहून डोकं लावून राहिली? पुढच्या वर्षी दे."

"पुढच्या वर्षी माहं नोकरीचं वय निघून जाते," मी म्हटलं.

कीबोर्ड डब्यात परत भरता भरता थांबले. खाली पाहून पाहूनच तर माहा वेग मार खाते! मग पाहावंच कशाले?

कम्प्युटरवर मराठी लावलं; बटनांवर तमिळ छापलं असलं तरी पडद्यावर मराठीच उमटते. हातांवर ओढणी टाकली. पहिली ओळ पार चुकली, दुसरीही. हे हसले. मी तिसरी सुरू केली.

जेवणाआधी माहं पूर्ण नाव बिनचूक उमटलं. परीक्षा देतेच मी.