गाडी सोडायची नाही

३ जानेवारी

जयवंतराव पुन्हा येऊन गेले! चहा घेतला, चिवड्याला हात लावला नाही, आणि उठता उठता तेच — "वहिनी, रण वाळलंय. आता गाडी काढू या."

मी म्हटलं, राहू दे तिथेच. मे महिन्यापासून कच्छच्या छोट्या रणात रुतून बसलीय, सगळा पावसाळा खाऱ्या पाण्यात उभी होती. आता काढून काय तिची पूजा मांडायची? मुकुंदला नाही कोणी वेळेवर काढलं.

शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं त्यांच्या. तेच जाणार होते ना मुकुंदबरोबर, त्यांच्या गाड्यांच्या ग्रुपसाठी आधी रस्ता पाहून यायला. ऐनवेळी तापाने आडवे झाले आणि हा एकटा निघाला. ते बिचारे मान खाली घालून चपला शोधत राहिले. चपला समोरच होत्या.

मला वाईट वाटलं नाही. हल्ली मला कशाचंच काही वाटत नाही.

६ जानेवारी

सोसायटीचा सेक्रेटरी जिन्यात भेटला. "मासी, तमारी पार्किंग तो खाली ज छे ने?" हो बाबा, रिकामीच आहे! घरही रिकामंच आहे. ते पण घे.

त्या पार्किंगमध्ये किती रविवार गेले माझे. गाडी खरं तर साधीच होती, पण ह्याने तिचं लग्न ठरल्यासारखं सजवलं तिला. टपावर जाळी, बाजूला चाकाखाली घालायच्या पट्ट्या, मागे फावडं, पाण्याचे कॅन, ओढायचे दोर, हाताने ओढायचं यंत्र. चारही चाकं ओढतात म्हणून गाडी कुठेही जाते असं समजणाऱ्या ग्रुपच्या पोरांना तो आधी हसायचा. "चारही ओढतात म्हणजे चारही रुततात!" मग पाटावर उभा राहून नियम. पहिला नियम मला झोपेतही म्हणता येईल. गाडी सोडायची नाही. पाणी गाडीत, सावली गाडीत, आणि शोधणाऱ्याला माणूस दिसत नाही, गाडी दिसते.

मी वरून गॅलरीतून ऐकत पालेभाजी निवडायची.

आणि स्वतः काय केलं? गाडी रुतली आणि हा उन्हात चालत सुटला! मिठागरातल्या वालजीभाईंना सापडला तो गाडीपासून लांब, उघड्यावर. त्यांनी ट्रॅक्टरवर घालून गावापर्यंत आणला तेव्हा संपलेलाच होता. उष्माघात, डॉक्टर म्हणाले. दोन दिवसांत वळवाचा पाऊस कोसळला, मागोमाग पावसाळा, रण भरलं, गाडीपर्यंत कोणाला जाताच आलं नाही.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान. दुसरं काय म्हणू?

७ जानेवारी

भाजी आणली. टाकून दिली. एकटीसाठी कसली फोडणी करायची.

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळपासून आमच्या समा भागातल्या सगळ्या गच्च्यांवर पतंग आणि 'काप्यो छे!'चा कल्लोळ. दारं-खिडक्या लावून बसले. गॅलरीचं दार नीट लागत नाही, त्याला आतून तो लोखंडी दांडा लावते. मुकुंदच्या हातात सापडलेला.

वालजीभाईंनी तो दिला तेव्हाचे त्यांचे शब्द अजून कानात आहेत. "बेन, एवी आंधी हती के कशुं देखाय नहीं. साहेब गाडीथी आघे पड्या'ता. हाथमां आ दांडो. छोडता ज नहोता." धुळीच्या वादळात काही दिसत नव्हतं, साहेब गाडीपासून लांब पडलेले, दांडा सोडतच नव्हते म्हणे. कुत्र्याकोल्ह्यांसाठी घेतला असेल, असं जो तो म्हणाला. मला मात्र तो बघितला की एकच दिसतं — दांडा टेकत टेकत चाललेला, घाबरलेला म्हातारा माणूस. मुकुंद माझ्यासमोर कधी घाबरला नाही. म्हणजे मला तो पुरता कळलाच नव्हता तर!

संध्याकाळी तिळगूळ घेऊन जयवंतराव. वालजीभाईंनी फोनवर फोटो पाठवला होता तो दाखवला. पांढऱ्या सपाटीवर गाडी, दारापर्यंत वाळका चिखल. मागच्या दाराला स्टेपनी नाही. मी म्हटलं, घ्या, चोरांनी तेवढंही ठेवलं नाही.

जयवंतरावांनी फोन परत घेतला. फोटो मोठा करून करून बघत बसले. तिळगूळ हातातच.

१९ जानेवारी

अवनीचा फोन, पुण्याहून. "आई, भंगारात दे आणि इकडे ये." मकरपुऱ्याचा एक भंगारवाला तयार आहे म्हणे, तिनेच शोधला. मग — "आई, बाबा गाडी सोडून गेलेच कसे गं?"

सगळ्यांत जास्त चीड ह्याचीच आहे. तो गेला हे एक. माणसं जातात. पण ज्या गोष्टीवर जन्मभर उभा होता तीच टाकून गेला. मग माझ्याशी जे जे बोलला त्यातलं खरं किती? हे कोणाला विचारू? लेकीला म्हटलं, उन्हात माणसाचं डोकं चालत नाही बाळा. फोन ठेवून रडले. खूप रडले.

२० जानेवारी

काल अवनीमुळे मही नदीचं पात्र आठवलं. ती पाच-सहा वर्षांची असेल. सहलीला म्हणून नेलं आणि ह्याने मुद्दाम गाडी वाळूत रुतवली! झाड नाही, खडक नाही, दुसरी गाडी नाही, मग दोर कशाला बांधायचा, हे बघायला. स्टेपनी काढली, लांब नेऊन खड्ड्यात पुरली, तिला दोर बांधला आणि तासन्‌तास घाम गाळून गाडी बाहेर ओढली. मी छत्री धरून शिव्या देतेय. अवनीला वाटलं चाक मेलं. तिने खड्ड्यावर कण्हेरीची फुलं वाहिली आणि हात जोडले.

तेव्हा हसून हसून पोट दुखलं होतं. काल ते आठवलं आणि जेवण गेलं नाही.

२८ जानेवारी

जयवंतरावांना हो म्हटलं. गाडी काढा आणि परस्पर मकरपुऱ्याला टाका. वनखात्याची परवानगी त्यांनी आधीच आणून ठेवली होती! लबाड.

"तुम्ही पण चला, वहिनी."

"मी कशाला?"

"चला."

का हो म्हटलं कोण जाणे. तो दांडा बरोबर नेणार आहे. तिथेच भिरकावून येईन. दाराला दुसरं काहीतरी लावता येईल.

७ फेब्रुवारी

वालजीभाईंच्या झोपडीत लिहितेय. बायको चहा देते, पुन्हा चहा देते. बाहेर मिठाचे चौकोन आणि त्यांच्यापुढे काही नाही. खरोखर काही नाही! बडोद्यात कुठेही बघा, काहीतरी मध्ये येतं — भिंत, झाड, निदान गाय तरी. इथे नजर जाते ती जातच राहते. ह्यात तो कुठे चालला होता? कोणत्या दिशेला? मे महिन्याच्या उन्हात, एकटा.

लांबून गाडी दाखवली. जवळ गेले नाही. जयवंतराव आणि ग्रुपची दोन माणसं चाकांभोवतीचा गाळ फोडत होती. दगडासारखा वाळलाय. जयवंतरावांनी वालजीभाईंना विचारलं, साहेब नक्की कुठे पडले होते? त्यांनी गाडीच्या पुढे लांब बोट दाखवलं. जयवंतराव तिकडे एकटेच चालत गेले आणि बराच वेळ खाली वाकून काहीतरी बघत राहिले.

परत आले ते हाताची माती झटकत. "उद्या तुम्ही तिथे या, वहिनी," एवढंच. आता तिथे काय दाखवायचंय मला? जमीन?

मला घरी जायचंय. आणि घरी गेले की पुन्हा तेच — मला कुठेच जायचं नाही. ह्याला जगणं म्हणत असतील तर म्हणोत.

८ फेब्रुवारी

स्टेपनी चोरीला गेली नव्हती. मुकुंद पडला होता तिथेच, हातभर खाली, पुरलेली निघाली. तिला साखळीने जखडलेलं त्याचं हाताने ओढायचं यंत्र, आणि त्यातून दोर, वाळल्या चिखलाखालून थेट गाडीपर्यंत. ओढणारा माणूस पुरलेल्या चाकापाशी बसतो, गाडीपाशी नाही, जयवंतराव म्हणाले. बोलता बोलता ते यंत्रावरचा चिखल खरवडत होते.

यंत्र चालवायचा दांडा तेवढा नव्हता.

मी भिरकावायला नेलेला दांडा त्या खाचेत घातला. बरोबर बसला. यंत्र गंजलंय, हललं नाही. पण बसला!

अवनीला फोन केला. बाबा गाडी सोडून गेले नव्हते गं. गाडी काढत होते.