अकरा कप्प्यांची बॅग

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.
ही वही फक्त बॅगेसाठी. रडगाणी लिहायची नाहीत.

मुद्दा असा. लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली, २९ तारखेला ती कामावर रुजू होते. पाळणाघर तीनला बंद होतं, तिचं ऑफिस सहाला सुटतं. जावई बदलीच्या गावी, शनिवारी उगवतात. काल फोनवर म्हणाली, आई, तीन ते सहा तू सांभाळशील का गं हिला? नाहीतर मला अर्धवेळ मागावं लागेल, आणि अर्धवेळ मागितलं की माझी जागा दुसऱ्याला मिळालीच म्हणून समज.

मी म्हटलं, या वरवरच्या मलमपट्ट्या झाल्या. दुखणं मुळात शोधावं. तिचं मूळ दुखणं पिशव्या आहेत. एक लॅपटॉपची, एक डब्याची, एक बाळाची आणि एक कशाची ते तिलाही माहीत नाही. त्याऐवजी एकच बॅग हवी, कप्पे जोडता-काढता येणारी. सकाळी ऑफिसची, दुपारी बाळाची. तळाला घडीची गादी. तीन ते सहा नात ऑफिसातच टेबलाशेजारी झोपेल. प्रश्न मिटला.

तिने फोनच ठेवून दिला. भारावली असावी.

९ सप्टेंबर.
जाड कॅनव्हास आणला, नेव्ही ब्लू. दुकानदार म्हणाला, मॅडम, तंबू शिवताय? म्हटलं, तुम्ही कापड मोजा, गिऱ्हाईक मोजू नका.

मिशनच्या शाळेत शिवणकामाचं पहिलं बक्षीस माझं होतं. मी केलेलं काज सिस्टरने अख्ख्या वर्गात फिरवलं होतं. पुढे तेहतीस वर्षं भूगोल शिकवला म्हणून काय झालं, हात विसरत नाही. सिस्टर कोरं कापड आधी भिजवून, वाळवून मगच कापायला द्यायची. त्यात दोन दिवस मोडतात. शिवाय त्या काळची कापडंच लेचीपेची. भिजवलं नाही.

११ सप्टेंबर. दुपार.
मापं घ्यायला लेकीकडे गेले. केस विंचरलेले नव्हते तिचे, गाऊनला दुधाचे डाग. घर म्हणजे कुणीतरी झडती घेऊन गेल्यासारखं. हे सगळं नीट बॅग नसल्यामुळे.

नात माझ्याकडे टक लावून बघत होती. चार महिन्यांचं पोर, पण नजर शाळातपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरची. लेक म्हणाली, धर ना जरा, मी तोंड धुऊन येते. माझ्या हाताला मापाचा खडू लागला होता. म्हटलं, नंतर.

खडू खरंच लागला होता.

१३ सप्टेंबर.
कप्पे अकरा ठरले. दुपटी, कोरडे लंगोट, ओले लंगोट, दूध, बर्फ, पंप, लॅपटॉप, डबा, औषधं, गादी. अकराव्यात काय ते सुचेलच. सगळे वेल्क्रोने जोडायचे. आधुनिक आहे.

१५ सप्टेंबर. संध्याकाळ.
लहानसा गोंधळ. दुधाचा पंप मापासाठी घरी आणला होता. लेकीचे नऊ फोन येऊन गेले, मशीनच्या आवाजात ऐकू आले नाहीत. दहावा घेतला तर रडत होती. आई, इथे माझ्या छातीचे दगड झालेत आणि तू कसली मापं घेत बसलीयेस! तशीच चपला घालून निघाले. दारातच तिने पंप ओढून घेतला माझ्या हातातून. आत ये म्हणाली नाही.

मोठ्या कामात कुणाला तरी सोसावं लागतंच. या वेळी तिला लागलं.

पंपाचं माप मात्र अचूक मिळालं.

१७ सप्टेंबर.
पहिलं प्रात्यक्षिक. नात झोपली होती. मी दुपट्यांचा कप्पा उघडला. चर्रर्र! अंगावर छप्पर कोसळल्यागत किंचाळून उठली. लेकीने पाऊण तास थोपटून झोपवली. मी दुसरा कप्पा उघडला.

चौथ्यानंतर लेक म्हणाली, आई, तू घरी जा. प्लीज जा.

फार तिखट कानाची आहे पोर. सवय लावायला हवी. पण लेकीच्या चेहऱ्याकडे बघून वेल्क्रो रद्द केलं.

१८ सप्टेंबर.
कोपऱ्यावर बॅगा दुरुस्त करणारा बसतो त्याच्याकडून टिचबटणं ठोकून घेतली. एकूण चव्वेचाळीस. ठोकता ठोकता म्हणाला, मॅडम, चोरापासून जपून ठेवायची आहे का ही? फार घट्ट बसतायत. म्हटलं, घट्टच हवीत. तो म्हणाला, चोर बिचारा उपाशी मरेल. या लोकांना जरा बोलू दिलं की डोक्यावर बसतात.

२१ सप्टेंबर. रविवार.
रिकाम्या बॅगेचं वजन केलं. चार किलो दोनशे ग्रॅम. नात सहा किलोची आहे. म्हणजे बाळापेक्षा हलकी. हे लक्षात घेण्यासारखं आहे.

ती डाव्या खांद्याला घेऊन खोलीत दहा फेऱ्या मारल्या. सात मारल्या.

२३ सप्टेंबर.
दुसरं प्रात्यक्षिक. लेकीच्या डाव्या कडेवर नात. उजव्या हाताने बटण उघडायला गेली, उघडेना. दोन अंगठे लावल्याशिवाय ते निघत नाही. दातांनी धरून बघितलं. नातीने त्यातच तिचे केस ओढले. म्हणाली, आई, मला दिवसभरात एकच हात मोकळा असतो गं. दुसरा हिच्यात अडकलेला असतो. एवढंही तुझ्या लक्षात येऊ नये? बरं, तू धर हिला, मी उघडते.

मी म्हटलं, पाठीत उसण भरलीये.

ती हळूच म्हणाली, आई, चार महिने झाले, तू हिला एकदाही हातात घेतली नाहीस. आवडत नाही का तुला ती?

उसण खरंच भरली होती. थोडी.

२४ सप्टेंबर.
आज शिवण नाही. सुई बोटात गेली.

लिहून टाकते. लेक अडीच महिन्यांची असताना मी कामावर रुजू झाले होते. सासूबाई म्हणाल्या, तू जा शाळेत, पोर मी बघते. संध्याकाळी येऊन मी हात पुढे केले की पोर त्यांच्या खांद्याला घट्ट चिकटायची. उचललीच तर काळीनिळी होईपर्यंत रडायची. सासूबाई लगेच काढून घ्यायच्या. राहू दे, तुझ्याने नाही व्हायचं. मग मी वह्या तपासायला बसायची. वर्षभरात शाळेतली एक वही तपासायची राहिली नाही.

मला येत नाही असं नाही. मला कधी परीक्षेला बसूच दिलं नाही.

ही वही बॅगेसाठी आहे. वरचं खोडायला हवं. शाईचं पेन आहे, पानाचा विचका होईल. राहू दे.

२६ सप्टेंबर. शुक्रवार.
लेकीने अर्धवेळेचा अर्ज लिहून ठेवलाय. फोनवर वाचून दाखवला. सोमवारी, पहिल्याच दिवशी, रजा मागून तीनला पाळणाघरातून पोर आणायला निघणार. मग साहेबिणीची चारची मीटिंग आटोपली की पुन्हा ऑफिसच्या दाराशी जाऊन अर्ज देणार, कडेवर पोर घेऊन.

म्हटलं, अगं, पण गादीचा कप्पा! ती म्हणाली, विचारलं मी. मुलं आणायला परवानगी नाही. म्हटलं, नियम माणसंच करतात, मी साहेबिणीला पत्र लिहिते, माझं इंग्रजी अजून चांगलं आहे. ती म्हणाली, आई, सहा वर्षं राबले मी त्या जागेसाठी. आणि फोन ठेवला.

पत्राचे तीन मसुदे केले. तिन्ही फाडले. पहिलं वाक्यच जमेना. My daughter च्या पुढे काय लिहायचं?

२८ सप्टेंबर. रविवार.
बॅग सुपूर्द केली. सोबत सूचनापत्रक, पाठपोट दोन पानं, आकृतीसह. जावयांनी बॅग उचलली, खाली ठेवली. म्हणाले, आई, हिला चाकं बसतील का?

लेक म्हणाली, ऑफिसला नाही नेणार मी ही. पण पाळणाघरात बाळाचं सामान ठेवायला देते. तू एवढं केलंयस.

माझ्यावर उपकार केल्यासारखं.

२९ सप्टेंबर. सोमवार. संध्याकाळी ५.१०. लेकीचं घर.
अक्षर वाईट येतंय. कारण पुढे.

दुपारी एकला पाळणाघरवालीचा फोन. आजी, तुमची बॅग उघडत नाही. दूध आत आहे आणि पोर भुकेने लाल झालीये. ज्यांनी शिवली त्यांनीच येऊन उघडावी. वही पिशवीत टाकून निघाले, दुरुस्त्या टिपायला.

बर्फाचं पाणी झालं होतं. कॅनव्हास भिजून आटला होता. दुधाच्या कप्प्याची चारही बटणं अशी ताणली होती की अंगठ्याचं नख उलटलं माझं. सिस्टरने वर्गाबाहेर उभं केलं असतं.

पाळणाघरवाली म्हणाली, धरा हिला, मी कात्री आणते. खडू नाही, उसण नाही, सांगायला काही सुचायच्या आत पोर माझ्या हातात होती आणि बाई आत. नात माझ्या कानात ओरडत होती. मी पण ओरडले. म्हटलं, ओरड, ओरड, चूक माझीच आहे. काढून घ्यायला कुणी आलं नाही. कात्री सापडायला दहा मिनिटं लागली.

कप्पा कापला. दूध पाजलं. अर्धं माझ्या बाहीने प्यायलं.

अडीचला लेकीला फोन केला. म्हटलं, निघू नकोस. ती घाबरली, काय झालं म्हणाली. म्हटलं, काही नाही, मी घरी नेतेय हिला. अर्ज देऊ नकोस. ती म्हणाली, आजचं झालं गं, उद्याचं काय? म्हटलं, उद्याही तीनला मी जाईन. आणि परवा.

मला वाटलं, आता म्हणेल, राहू दे, तुझ्याने नाही व्हायचं.

म्हणाली, बरं. पण आई, ती बॅग आणू नकोस.

इन्स्पेक्टर डाव्या खांद्यावर झोपलीये. दोन तास होत आले. मानेत लाळ, हात बधिर. तहान लागलीये, तांब्या हाताशी आहे, झाकण दोन हातांनी निघतं.

लेक म्हणाली ते खरं आहे. एकच हात उरतो.